दिल्लीचे मास्टर रामचंद्र

मराठी माणसासमोर पानिपताचे नाव काढले की त्याला एकच साल आठवते, १७६१. त्या लढाईनंतर बरोबर साठ वर्षांनी, १८२१ साली, त्याच पानिपत गावी एका कायस्थ कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याने पुढे तलवार कधी हाती धरली नाही. पाटी, लेखणी आणि गणिताचे पुस्तक एवढीच त्याची शस्त्रे होती. तरी त्याच्या वाट्याला जी लढाई आली ती लहान नव्हती, आणि ती त्याला जवळजवळ एकट्यानेच लढावी लागली. या मुलाचे नाव रामचंद्र. पुढे सारी दिल्ली त्यांना मास्टर रामचंद्र या नावाने ओळखू लागली.

आपल्या मंडळ्यांत बाबा पदमनजींचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. बेळगावच्या वाचकांना तर ते आपल्या घरचेच वाटतात. पंडिता रमाबाई व रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या गोष्टी आपण शब्बाथशाळेत दरवर्षी सांगतो. पण बाबांच्या बाप्तिस्म्याच्या दोनच वर्षे आधी दिल्लीत ज्यांनी तसेच पाऊल उचलले, त्या गणितशिक्षकाची माहिती आपल्याकडे फारच थोड्यांना आहे. शिक्षकी पेशातली माणसे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. त्यांनी तरी हे चरित्र वाचावेच, म्हणून हा लेख.

बालपण व शिक्षण

रामचंद्रांचे वडील सुंदरलाल हे सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस होते. मुलगा नऊदहा वर्षांचा असतानाच ते वारले. पदरी सहा मुलगे, आणि मिळवता आधार गेलेला, अशा स्थितीत आईने दिल्लीत संसार चालवला. त्या काळच्या रीतीप्रमाणे रामचंद्रांचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. सासरची मंडळी श्रीमंत होती. पण मुलगी मूकबधिर आहे, हे लग्नानंतर उघड झाले. घरात आधीच ओढग्रस्त, त्यात हे दुःख. अशा घरातला मुलगा लौकर चार पैसे मिळवू लागावा एवढीच कोणाचीही अपेक्षा असणार.

१८३३ साली रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत गेले आणि तेथे सहा वर्षे शिकले. गणिताची गोडी त्यांना लहानपणीच लागली होती, पण शाळेत ती भूक भागेल इतके गणित मिळत नव्हते. म्हणून मिळेल ते पुस्तक घरी घेऊन बसायचे आणि एकेक उदाहरण स्वतःच सोडवायचे, असा त्यांचा क्रम असे. शाळा संपल्यावर प्रपंचासाठी त्यांनी कारकुनी पत्करली.

बहुतेकांची गोष्ट येथेच संपते. नोकरी लागली, पगार सुरू झाला, पुस्तके फळीवर गेली. रामचंद्रांचे तसे झाले नाही. १८४१ साली दिल्लीच्या महाविद्यालयाने वरच्या शिष्यवृत्त्यांसाठी परीक्षा ठेवली. रामचंद्र त्या परीक्षेस बसले, त्यांना महिना तीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि वयाच्या विसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले.

महाविद्यालयातले शिक्षक

दिल्लीचे हे महाविद्यालय अजमेरी दरवाजाबाहेरच्या एका जुन्या मदरशातून वाढलेले होते. त्याचे दोन विभाग असत. एका विभागात इंग्रजी शिकवीत. दुसरा पौर्वात्य विभाग. तेथे अरबी, फारसी व संस्कृत या विद्या शिकवल्या जात. या दुसऱ्या विभागातल्या मुलांना नवे गणित व नवे विज्ञान त्यांच्याच भाषेत, म्हणजे उर्दूत, शिकवावे असे चालकांनी ठरवले. त्या कामावर १८४४ साली रामचंद्रांची नेमणूक झाली. पगार महिना पन्नास रुपये.

काम सांगायला सोपे, पण करायला अवघड होते, कारण शिकवायचे तर पुस्तकेच नव्हती. ज्या भाषेत गझल होती, कायदा होता, दरबारी पत्रव्यवहार होता, त्या भाषेत बीजगणित, त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र कोणी लिहिलेले नव्हते. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य बूत्रो आणि त्यांच्यामागून आलेले श्प्रेंगर यांच्या देखरेखीखाली भाषांतराचे मोठे काम हाती घेण्यात आले, आणि थोड्याच वर्षांत शंभरावर उर्दू पुस्तके तयार झाली. त्यातली गणिताची कितीतरी पुस्तके रामचंद्रांच्या हातची होती. दिवसा वर्गात शिकवायचे आणि उद्याच्या धड्याचे पुस्तक रात्री लिहायचे, असा तो काळ होता. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकर मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवून पुन्हा मराठीत पुस्तके व वर्तमानपत्र लिहीत. तोच उद्योग रामचंद्रांनी दिल्लीत उर्दूसाठी केला. त्यांनीही १८४५ पासून नियतकालिके काढली. एकाचे नाव फवाइदुन्नाझिरीन, दुसऱ्याचे मुहिब्बे हिंद. त्यांतून ते सामान्य वाचकाला यंत्रे, आकाशातले ग्रह, परदेशांचा इतिहास आणि मोठ्या माणसांची चरित्रे सोप्या भाषेत सांगत.

त्या वर्गांत काय बदल होत होता याचे एक उदाहरण पुरे आहे. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे, असे जुन्या ग्रंथांच्या आधारे शिकवले जाई. आता रामचंद्रांचे विद्यार्थी प्रयोग आणि गणित यांच्या आधारे त्या मताला हसू लागले. शहरातल्या वृद्ध विद्वानांना ते मुळीच रुचले नाही. वडीलधाऱ्यांचा मान आणि डोळ्यांना दिसणारे सत्य यांच्यात निवड करण्याची वेळ त्या मुलांवर आली. रामचंद्रांनी मुलांना वडिलांचा अनादर शिकवला नाही. पण एखादी गोष्ट फार जुनी आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, हे मात्र त्यांनी शिकवले. पुढे ही कसोटी त्यांना स्वतःलाही लावावी लागली.

एक पुस्तक आणि दोन प्रोफेसर

१८५० साली रामचंद्रांनी कलकत्त्यात स्वखर्चाने एक इंग्रजी पुस्तक छापले. विषय महत्तम व लघुतम मूल्यांचा. शब्दाला घाबरू नये. गोष्ट अगदी घरगुती आहे, आणि शब्बाथशाळेतल्या मोठ्या मुलांनाही ती समजेल.

समजा, वीस हात दोरी आहे. तिने चार बाजूंचा एक काटकोनी वाफा आखायचा आहे. कसा आखला म्हणजे सर्वांत जास्त जागा आत येईल? लांबी आणि रुंदी मिळून दहा हात व्हायला हवेत. लांबी नऊ आणि रुंदी एक घेतली तर जागा नऊ चौरस हात. सात आणि तीन घेतले तर एकवीस. सहा आणि चार घेतले तर चोवीस. पाच आणि पाच घेतले तर पंचवीस. यापेक्षा जास्त होणारच नाही हे कशावरून? कॉलेजात हे कॅल्क्युलसने सिद्ध करतात. रामचंद्रांनी ते साध्या बीजगणिताने केले. लांबी क्ष धरा, म्हणजे रुंदी दहा वजा क्ष झाली. दोहोंचा गुणाकार म्हणजे जागा. त्यावरून वर्गसमीकरण मांडा आणि सोडवा. उत्तर येते ते असे : क्ष म्हणजे पाच, अधिक किंवा उणे एक वर्गमूळ, आणि त्या वर्गमुळाच्या आत पंचवीस वजा जागा. आता जागा पंचवीसहून मोठी मानली तर वर्गमुळाच्या आत ऋण संख्या येते, आणि तशी लांबी जगात कोठेही मोजता येत नाही. म्हणून जागा पंचवीसच्या वर जाऊ शकत नाही, आणि पंचवीस होते तेव्हा क्ष बरोबर पाच असतो. झाले. कॅल्क्युलसची गरज पडली नाही.

या एका युक्तीवर रामचंद्रांनी कितीतरी अवघड प्रश्न सोडवून दाखवले. त्यामागे त्यांचा एक हेतू होता. बीजगणित ही या देशाची जुनी विद्या आहे. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे गावी सापडला, त्या भास्कराचार्यांचा बीजगणित हा ग्रंथ बाराव्या शतकातला. नवे गणित आपल्या लोकांना परके वाटते. तर मग त्याचा निदान एक भाग तरी त्यांच्या ओळखीच्या वाटेने त्यांच्यापर्यंत न्यावा, असे रामचंद्रांना वाटत होते. तीच धडपड त्या वेळी दुसऱ्या रीतीने काशीतही चालली होती. रामचंद्रांच्याच साली, १८२१ मध्ये, पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री तेथील संस्कृत महाविद्यालयात शास्त्री मंडळींच्या मुलांना जुने सिद्धांत व नवे गणित शेजारीशेजारी ठेवून शिकवीत होते.

पुस्तकाचे स्वागत मात्र वाईट झाले. कलकत्त्याच्या एका नामांकित नियतकालिकाने त्याची टर उडवली. जे कॅल्क्युलसने चुटकीसरशी होते ते इतक्या लांबच्या वाटेने कशाला, असा एकंदर सूर होता. पन्नास रुपयांच्या शिक्षकाने पदरचे पैसे घालून छापलेले पुस्तक, आणि त्याची ही गत.

पण एक प्रत चांगल्या हाती पडली. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातले बेथ्यून साहेब, ज्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली, त्यांनी ती लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पाठवली. डी मॉर्गन हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्रोफेसर, आणि तर्कशास्त्रातले मोठे नाव. त्यांचा जन्म आपल्याच देशातला, मदुरेचा. पुस्तक वाचताच त्यांना उमजले की युरोपातला विद्यार्थी ज्या रीतीने विचार करतो त्याहून ही रीत वेगळी आहे, आणि तिची मुळे हिंदुस्थानच्या बीजगणितात आहेत. त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे लकडा लावला. अखेर १८५८ साली संचालकांनी रामचंद्रांना पाच वस्त्रांची खिलत आणि दोन हजार रुपये बक्षीस मंजूर केले. १८५९ साली डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकाची लंडन आवृत्ती निघाली. तिच्यात रामचंद्रांनी लिहून पाठवलेली स्वतःची हकीकतही छापली होती. कलकत्त्यात ज्याची थट्टा झाली ते पुस्तक लंडनच्या एका थोर गणितज्ञाने स्वतः देखरेख करून पुन्हा छापवले.

डी मॉर्गन हे विवेकबुद्धीसाठी किंमत मोजलेले गृहस्थ होते. केंब्रिजमध्ये पुढची पदवी घ्यायची तर धर्ममताच्या शपथेवर सही करावी लागे. ती त्यांनी केली नाही, आणि तेथील मानाची जागा गमावली. तेव्हा रामचंद्रांच्या आयुष्यातली खरी परीक्षा त्यांना इतरांपेक्षा अधिक कळली असेल, असे मानायला हरकत नाही. कारण पुस्तक कलकत्त्याहून लंडनला जाऊन तेथे छापले जाण्याच्या मधल्या वर्षांत दिल्लीत फार मोठ्या गोष्टी घडून गेल्या होत्या.

बाप्तिस्मा

तरुणपणी रामचंद्र कोणत्याच धर्माचे फारसे अभिमानी नव्हते. देव एक आहे आणि बुद्धी हा त्याने दिलेला दिवा आहे, इतके त्यांना पुरेसे वाटे. शिकलेले इंग्रज लोकही मनातून आपल्यासारखेच असणार, त्यांचा धर्म हा केवळ रिवाज असणार, अशी त्यांची समजूत होती. एकदा ते काश्मिरी दरवाजाजवळच्या सेंट जेम्स मंदिरात उपासना पाहण्यास गेले. तेथे त्यांनी पाहिले की ज्यांना आपण विद्वान व समजूतदार मानतो ते लोक गुडघे टेकून मनापासून प्रार्थना करीत आहेत. एवढ्याच गोष्टीने त्यांच्या समजुतीला तडा गेला. ज्याची आपण कधी तपासणीच केली नाही ते आपण खोटे कसे ठरवले, हा प्रश्न त्यांना पडला.

मग त्यांनी गणितज्ञाला शोभेल तेच केले. नवा करार उघडून लक्षपूर्वक वाचायला घेतला. इतर धर्मांचे ग्रंथही वाचले. एखाद्या सिद्धतेची पायरीन् पायरी तपासावी तशी ही तपासणी चालली. शेवटी त्यांचे मन ठरले, आणि ११ जुलै १८५२ रोजी त्याच सेंट जेम्स मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर डॉक्टर चिमणलाल यांचाही बाप्तिस्मा झाला. रामचंद्रांनी येसुदास हे नाव घेतले.

दिल्लीत केवढी खळबळ उडाली याची कल्पना आज येणे कठीण आहे. हे कोणी पोटासाठी धर्म बदलणारे नव्हते. एक शहरातला नामांकित डॉक्टर, बादशहा बहादुरशहा जफर यांच्या वैद्यांपैकी एक. दुसरा महाविद्यालयातला प्रसिद्ध शिक्षक, ज्याच्या हाती शहरातल्या चांगल्या घरांतली मुले होती. आईबापांना वाटले की आता आपला मुलगाही जाईल. जातीने रामचंद्रांना बाहेर काढले. चिमणलालांना राजवाड्यातून काढून टाकावे असा धर्मपंडितांचा आग्रह होता. पण वृद्ध बादशहाने तो मानला नाही. डॉक्टरचा विश्वास ही त्याची खाजगी बाब आहे असे त्याचे मत पडले. बादशहाचे हे औदार्य आपण विसरू नये.

रामचंद्र आपल्या वर्गात जात राहिले. टीकाही होत राहिली.

१८५७

११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले. त्या दिवशी शहरात जे ख्रिस्ती सापडले त्यांतले फार थोडे वाचले. रामचंद्रांना बाप्तिस्मा देणारे पाळक जेनिंग्ज मारले गेले. डॉक्टर चिमणलाल मारले गेले. प्राचार्य टेलर हेही वाचले नाहीत. महाविद्यालय लुटले गेले. ज्या ग्रंथालयावर इतक्या वर्षांचे श्रम खर्ची पडले होते त्याची पाने रस्त्यावर उडाली.

रामचंद्रांना वाचवले कोणी? जातीने ज्यांना त्यांच्यापासून तोडले होते त्या त्यांच्या भावांनी. धर्म वेगळा झाला तरी रक्ताचे नाते तुटले नव्हते. स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांनी रामचंद्रांना घरात लपवले. मग एका विश्वासू जाट नोकराने त्यांना गुपचूप शहराबाहेर काढून खेड्यात नेले. जून महिन्यात ते इंग्रजांच्या छावणीत पोहोचले. तेथे त्यांना भाषांतराचे काम मिळाले.

सप्टेंबरात दिल्ली इंग्रजांनी परत घेतली. आता तरी संकट टळले असे वाटावे, पण रामचंद्रांच्या आयुष्यातले सर्वांत कडू पान पुढेच होते. जिंकलेल्या शहरात इंग्रज अंमलदार दिसेल त्या हिंदी माणसाला शत्रू समजत होते. रामचंद्र सरकारी कामानिमित्त रस्त्याने जात तेव्हा त्यांनाही अंमलदारांनी मारहाण केली. आपण ख्रिस्ती आहोत आणि सरकारी नोकर आहोत असे त्यांनी सांगून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही. कातडीचा रंग पाहणाऱ्यांना बाप्तिस्मा दिसत नव्हता.

नोव्हेंबर १८५७ मध्ये रामचंद्रांनी लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांना पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले. त्या पत्राचा आशय आपण प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. बंडखोरांच्या हातून मरण आले असते तर विश्वासासाठी मेल्याचे समाधान तरी लाभले असते. पण जे आपल्याला ख्रिस्ती म्हणवतात त्यांच्याच हातून हे सोसावे लागते, त्याला समाधान कोठून आणावे? असा त्यांच्या दुःखाचा गाभा होता. ते गप्प बसले नाहीत, आणि विश्वासही सोडला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती अवघड आहे, हे ज्याला मंडळीतल्याच माणसांनी दुखावले आहे त्याला सांगायला नको.

पुन्हा फळ्याजवळ

घर गेले, मित्र गेले, महाविद्यालय गेले. १८५८ च्या आरंभी रामचंद्र रुडकीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिक्षक म्हणून गेले. त्याच वर्षी दिल्लीस परत येऊन ते तेथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ज्या शहराने त्यांना दोनदा नाकारले, त्याच शहरातल्या मुलांसमोर ते पुन्हा उभे राहिले. या एका गोष्टीत मला त्यांचे सारे मोठेपण दिसते. लंडनच्या आवृत्तीने त्यांचे नाव युरोपात गेले होते. तरी त्यांचा दिवस लहान मुलांची उदाहरणे तपासण्यातच जाई. १८६३ साली त्यांनी कलनशास्त्रावर आणखी एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६६ साली त्यांनी दिल्लीची शाळा सोडली. पटियाळ्याचे तरुण महाराजा महेंद्रसिंग यांचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले, आणि पुढे त्या संस्थानच्या शिक्षणखात्याची धुराही वाहिली. ११ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे जुने महाविद्यालय १८६४ मध्ये पुन्हा सुरू होऊन १८७७ मध्ये बंद पडले होते.

खरे सांगायचे तर रामचंद्रांची गणिताची रीत शाळाकॉलेजांत रुजली नाही. डी मॉर्गन यांची आशा फळास आली नाही, आणि मुले कॅल्क्युलसच शिकत राहिली. पुष्कळ वर्षांनी ध्रुव रैना व एस. इरफान हबीब या इतिहासकारांनी त्यांच्या कामाचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा कोठे विद्वानांत त्यांचे नाव परत निघाले. आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. उत्तरायुष्यात रामचंद्रांनी इस्लाम धर्माशी वाद घालणारी पुस्तके लिहिली. तो काळ जाहीर धर्मवादांचा होता, आणि दोन्ही बाजूंनी तसे लिहिले जाई. तरी त्या पुस्तकांनी कोणाची मने जोडली असे म्हणता येत नाही. त्यांची साक्ष अधिक खोलवर पोहोचली ती दुसऱ्याच वाटेने.

त्यांचे विद्यार्थी

दिल्लीच्या त्या वर्गांतून उर्दू साहित्याचे कितीतरी मोठे लेखक बाहेर पडले. कादंबरीकार नझीर अहमद आणि मुहम्मद हुसेन आझाद हे त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. पण रामचंद्रांचा सर्वांत लाडका विद्यार्थी म्हणजे मुन्शी झकाउल्ला. झकाउल्लांना गणिताचे वेड रामचंद्रांनी लावले. ते पुढे स्वतः गणिताचे शिक्षक झाले, अलाहाबादच्या म्यूर कॉलेजात प्रोफेसर झाले, आणि गणित व इतिहासाची ढीगभर पुस्तके त्यांनी उर्दूत लिहिली. गुरूने जे काम पाचपन्नास पुस्तकांच्या गरजेतून सुरू केले होते, ते शिष्याने जन्मभर चालवले.

गुरूने बाप्तिस्मा घेतल्यावर झकाउल्लांच्या घरच्यांना मोठी धास्ती पडली होती. मुलगा इतका मास्टरांच्या नादी लागलेला, आता तोही जाणार! तसे झाले नाही. झकाउल्ला अखेरपर्यंत निष्ठावंत मुसलमान राहिले. पण गुरूशी त्यांचा स्नेह कधी तुटला नाही. १८५७ च्या आगीतूनही तो टिकला. झकाउल्ला १९१० साली वारले. त्यांचे चरित्र लिहिले ते कोणी? दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवणारे, म. गांधींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज यांनी, १९२९ साली. वृद्ध झकाउल्लांवर अँड्र्यूज यांची वडिलांसारखी भक्ती होती. म्हणजे पाहा, एका ख्रिस्ती गुरूचा मुसलमान शिष्य, आणि त्या शिष्याचे प्रेमाने चरित्र लिहिणारा पुन्हा एक ख्रिस्ती शिक्षक. रामचंद्रांनी वर्गात जे पेरले ते असे उगवले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या चरित्राकडे जरा थांबून पाहावे. आपण मुलांना उत्तर पाठ करायला लावतो, आणि उत्तर बरोबर आले की समाधान मानतो. गणिताचा चांगला मास्तर तेवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, पायऱ्या दाखव. पाच कसे आले ते सांग. पायरी चुकली असेल तर बरोबर उत्तरालाही तो गुण देत नाही. रामचंद्रांनी पृथ्वीच्या गतीचा प्रश्न असा तपासला, महत्तम मूल्याचा प्रश्न असा तपासला, आणि आपल्या तारणाचा प्रश्नही असाच तपासला. म्हणूनच त्यांचा विश्वास पाठ केलेल्या उत्तरासारखा पुसून गेला नाही. शहराच्या रोषापुढे तो टिकला. त्याहून कठीण म्हणजे, स्वधर्मीयांच्या छडीपुढेही टिकला.

आणि ज्या विद्यार्थ्याच्या पायऱ्या दुसऱ्या उत्तराकडे गेल्या, तोही त्यांचा विद्यार्थीच राहिला. येत्या रविवारी वर्गातले एखादे मूल अडचणीचा प्रश्न विचारील. त्याला गप्प बसवण्याआधी दिल्लीच्या या मास्टरांची आठवण करावी, आणि त्या मुलाच्या शेजारी बसून पहिल्या पायरीपासून त्याच्याबरोबर सुरुवात करावी.